ताई, पाणी नको! : सहलीच्या बसमध्ये मुलांसोबत जाणाऱ्यांसाठी

डिसेंबर लागला की नागपूरच्या वस्त्यावस्त्यांतून सहलीच्या बस निघतात. कधी शाळेची, कधी शिकवणी वर्गाची, तर कधी विहारातल्या महिला मंडळाने वर्गणी काढून ठरवलेली. नववी-दहावीची, अकरावी-बारावीची चाळीस-पंचेचाळीस मुले-मुली आणि वेरूळ-अजिंठ्याचा रस्ता. नागपूरहून छत्रपती संभाजीनगर जवळपास पावणेपाचशे किलोमीटर. समृद्धी महामार्गाने गेले तरी थांबे धरून आठ-नऊ तास सहज लागतात. जुन्या अमरावती-अकोला-खामगाव रस्त्याने त्याहून जास्त. तिथून वेरूळ आणखी तीस किलोमीटर आणि अजिंठा शंभर. म्हणजे तीन दिवसांच्या सहलीत मुलांचा मोठा वेळ बसच्या सीटवरच जातो. पण सहलीच्या बैठकीत आपण बोलतो ते वर्गणीचे, जेवणाचे आणि मुक्कामाचे. उठता उठता कोणीतरी विचारते, "मुलांसोबत कोण जाईल?" आणि जो त्या दिवशी रिकामा असेल त्याचे नाव लागते.

हा लेख त्या माणसासाठी आहे. मंडळाच्या ताई, शिकवणीचे सर, कुणाची आत्या, कुणाचा मामा, जे कोणी चाळीस पोरांसोबत गाडीत चढणार असेल त्याच्यासाठी. मी परिचारिकेचे काम करते आणि वस्तीच्या सहलींसोबत बऱ्याच वेळा गेले आहे. औषधांची पेटी माझ्याजवळ असते, म्हणून लोकांना वाटते ताईंचे काम गोळ्या देण्याचे. गोळ्या क्वचितच लागतात. काम असते ते पाण्याचे आणि लघवीच्या थांब्याचे.

गाडी वर्ध्याच्या पुढे गेली की मी पाण्याची बाटली घेऊन पुढून मागेपर्यंत एक फेरी मारते. मुलगे बाटली तोंडाला लावून अर्धी रिकामी करतात. मुलींच्या सीटजवळ आले की एकच उत्तर येते. "ताई, मले पाणी नको." काऊन गं? "तहान नाही लागली." पहाटे पाचला घरून निघालेली पोर, नऊ वाजले तरी तहान कशी नाही? दोनदा-तीनदा विचारले की खाली मान घालून सांगते, "पाणी पेलं का मंग जा लागते. गाडी कुठं थांबते?"

काहीजणी तर आदल्या रात्रीपासूनच पाणी तोडतात. आईनेच बजावलेले असते, गाडीत जास्त पाणी पिऊ नको बाई. त्या आईला तरी काय बोलणार? तिने जन्मभर एसटीच्या प्रवासात हेच केले आहे.

मुलग्यांची अडचण होत नाही. ड्रायव्हर कुठेही गाडी बाजूला घेतो, पोरे उतरतात, पाच मिनिटांत परत चढतात. तेवढ्याने थांबा झाला असे सगळे धरून चालतात. गाडीतल्या वीस मुली मात्र खिडकीतून दुसरीकडे बघत बसलेल्या असतात. त्यांचा थांबा झालेलाच नसतो, आणि सोबतीला फक्त पुरुष मंडळी असतील तर ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

यात शरीराचे काय होते ते नीट समजून घेऊ. पाणी कमी पडले की लघवी घट्ट आणि पिवळी होते, डोके दुखते, तोंड कोरडे पडते, उभे राहिले की अंधारी येते. बाईच्या शरीरात लघवीची नळी जेमतेम दीड इंचाची असते, त्यामुळे बाहेरचे जंतू मूत्राशयापर्यंत लवकर पोहोचतात. पाणी प्यायले आणि वेळेवर लघवीला गेले तर ते धुऊन निघतात. पाणी बंद ठेवले आणि लघवी सहा-सात तास रोखली तर त्यांना वाढायला वेळ मिळतो. मग सहलीहून आल्यावर दोन दिवसांनी जळजळ, थेंब थेंब लघवी, ओटीपोटात दुखणे, कधी थंडी वाजून ताप. घरचे म्हणतात बाहेरचे पाणी बाधले. बहुतेक वेळा बाधलेले असते ते न प्यायलेले पाणी.

त्यात आपल्या मुलींच्या अंगात रक्त आधीच कमी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींत रक्ताचे प्रमाण कमी निघाले होते. अशी मुलगी सकाळी उपाशी, पाण्यावाचून चार तास बसली आणि मग उन्हात पायऱ्या चढायला लागली, तर चक्कर येणारच. पोरी नाटक करतात असे म्हणणारे सर मी पाहिले आहेत. त्यांनी एकदा तिच्या डोळ्यांच्या खालच्या पापणीचा आतला रंग बघावा.

"पाणी प्या, पाणी प्या" असे गाडीभर ओरडून उपयोग होत नाही, हा माझा अनुभव आहे. आधी थांबा ठरवावा लागतो. मुलीला जर गाडीत चढतानाच सांगितले की साडेसातला पहिला थांबा, दहाला दुसरा, साडेबाराला जेवणाचा, तिन्ही ठिकाणी संडास आहे आणि सोबत ताई उतरणार आहेत, तर ती आपणहून पाणी पिते. मी थांब्यांच्या वेळा मोठ्या कागदावर लिहून ड्रायव्हरच्या मागच्या काचेवर चिकटवते. दोन ते अडीच तासांपेक्षा जास्त अंतर ठेवत नाही. एकदा का पोरींना कळले की कागदावरची वेळ खरंच पाळली जाते, की बाटल्या आपोआप रिकाम्या व्हायला लागतात.

वेळेचा हिशेबही सोबतीच्या माणसाने आधीच करावा. एकीला दोन मिनिटे धरली तरी वीस मुलींना एका संडासाला चाळीस मिनिटे लागतात. दोन संडास असतील तर वीस. "पाच मिनिटांत आटपा" असे म्हटले की लाजरी मुलगी रांगेतून मागे फिरते आणि तशीच गाडीत येऊन बसते. म्हणून मी मुलींना आधी उतरवते. मुलगे चहा घेऊ देत.

समृद्धी महामार्गावर हे जास्तच सांभाळावे लागते. दोन्ही बाजूंना कुंपण, गावे दूर, आडोसा नाही आणि मध्येच कडेला गाडी उभी करणे जिवावरचे. थांबायचे ते पेट्रोल पंपाजवळच, म्हणून पंप कुठे कुठे आहेत ते निघण्याआधीच ड्रायव्हरकडून लिहून घ्यावे. आणखी एक गोष्ट आपल्या लोकांना माहीत असायला हवी. पेट्रोल पंपावर डिझेल भरले नाही तरी संडास, पिण्याचे पाणी आणि चाकातली हवा फुकट मिळते. तेल कंपन्यांचा पंपवाल्यांसाठी तसा नियमच आहे. संडासाला कुलूप असेल तर किल्ली मागावी, शांतपणे आणि ठामपणे. देत नसेल तर तक्रारवही मागावी. वही मागितली की किल्ली सापडते.

पाळीची गोष्ट याच थांब्याला जोडलेली आहे. तीन दिवसांच्या सहलीत वीस मुली म्हटल्यावर चार-पाच जणींना पाळी येणार हे धरूनच चालावे. दगदगीने तारीख अलीकडे-पलीकडेही होते. सोबतीच्या ताईने निघण्याआधी सगळ्या मुलींना एकत्र बसवून मोकळेपणाने सांगावे की पॅड माझ्या या निळ्या पिशवीत आहेत, मागायची गरज नाही, हात घालून घ्यायचे. सोबत जुने वर्तमानपत्र, काळ्या पिशव्या, एक जादा सलवार आणि साबण. चार ते सहा तासांनी पॅड बदलता यावा असा थांबा हवा. पोट दुखणाऱ्या मुलीला खिडकीची जागा आणि गरम पाण्याची पिशवी द्यावी.

आता ज्या आजारासाठी पाणी हे औषधाइतकेच महत्त्वाचे आहे त्याकडे येते. विदर्भातल्या आपल्या समाजात सिकलसेल किती घरांत आहे हे वेगळे सांगायला नको. १ जुलै २०२३ पासून केंद्र सरकारने त्याच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले आहे, सरकारी दवाखान्यात तपासणी फुकट होते. तरी सहलीच्या यादीत मात्र हा आजार कोणी लिहीत नाही.

सिकलसेलमध्ये रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. अंगातले पाणी कमी झाले, थंडी लागली, फार दमणूक झाली, ताप आला की त्या जास्त वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडांत, पाठीत, पोटात असह्य कळा सुरू होतात. आता बसचा प्रवास डोळ्यांसमोर आणा. पाणी नाही, डिसेंबरच्या पहाटेचे गार वारे किंवा एसीचा झोत, रात्रीची झोप नाही, अंग आखडून बसणे. कळा उठवणाऱ्या सगळ्या गोष्टी एका सीटवर गोळा झालेल्या असतात.

यावर आपल्याकडे सोपा तोडगा काढला जातो. "तुझी तब्येत बरी नसते, तू घरीच राह." मला हा तोडगा मान्य नाही. दवाखान्याच्या फेऱ्यांत ज्याचे निम्मे बालपण गेले त्यालाच पुन्हा लेणीही पाहू द्यायची नाही? एसएस पॅटर्नची मुले सहलीला जाऊ शकतात आणि सुखरूप परतही येतात. निघण्याआधी त्याच्या डॉक्टरांना विचारावे आणि गाडीत एका मोठ्या माणसाने त्याच्यावर लक्ष ठेवावे, एवढी तयारी हवी.

अडचण असते ती माहिती मिळण्याची. आईबाप सांगत नाहीत, विशेषतः मुलीचे. सोयरीक जुळणार नाही ही भीती असते. म्हणून बैठकीत सगळ्यांसमोर "कोणाला सिकल आहे का?" असे कधीही विचारू नये. मी आठ दिवस आधी घरोघरी जाते, चहा घेते आणि आईशी एकटीशी बोलते. तिला सांगते की ही गोष्ट माझ्या वहीत राहील, गाडीत कोणाला कळणार नाही. मग कपाटातून कार्ड बाहेर येते. याच फेरीत दम्याचा पंप, फिटच्या गोळ्या, साखरेचे इन्सुलिन, कशाची अॅलर्जी, हे सगळे कळते. शाळेच्या छापील संमतीपत्रावर "विद्यार्थ्याची प्रकृती उत्तम आहे" असे आधीच टाइप केलेले असते आणि बाप खाली सही करतो. त्या कागदाचा सोबतीच्या माणसाला काही उपयोग नाही.

सिकलसेलच्या मुलाला गाडीच्या मधल्या भागात बसवावे, दारापासून आणि एसीच्या झोतापासून दूर. स्वेटर, कानटोपी, मोजे. त्याची स्वतःची दोन लिटरची बाटली, आणि दर अर्ध्या-पाऊण तासाने काही घोट, तहान लागो न लागो. हायड्रॉक्सियुरिया आणि फॉलिक अॅसिड चालू असेल तर एकही डोस चुकू द्यायचा नाही. औषध मोठ्या बॅगेत, गाडीच्या डिकीत जाता कामा नये. दुखायला लागले तर गरम शेक, भरपूर पाणी, डॉक्टरांनी लिहून दिलेली दुखण्याची गोळी आणि आडवे व्हायला जागा. बर्फ लावायचा नाही, थंडीने दुखणे वाढते. मात्र ताप १०१ च्या वर गेला, छातीत दुखले, दम लागला, पोट डाव्या बाजूला फुगले, हातापायातली ताकद गेली किंवा बोलणे अडखळले, तर लेणी राहू द्या आणि थेट मोठा दवाखाना गाठा. मुलग्यांमध्ये लिंग ताठ राहून दुखत राहणे हेही याच आजारात होते. पोरे लाजेने रात्रभर सहन करतात. दोन तासांत उतरले नाही तर तेही तातडीचेच, म्हणून सोबतच्या दादांनी त्याला आधीच एकांतात सांगून ठेवावे.

एएस पॅटर्नची, म्हणजे वाहक मुले एरवी निरोगीच असतात. त्यांनी फक्त तहानलेले राहून डोंगर धावत चढण्याची पैज लावू नये. लघवी लाल दिसली तर सांगायला हवे.

ओकाऱ्यांचे थोडक्यात. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग म्हणतो गाडी हलते आहे, आणि मोबाइलवर खिळलेले डोळे म्हणतात काही हलत नाही. या भांडणातून मळमळ येते. म्हणून ज्याला गाडी लागते त्याला पुढच्या सीटवर बसवावे, मोबाइल बंद, नजर समोरच्या रस्त्यावर. पोरांना मागची सीट हवी असते, आणि सगळ्यात जास्त हिंदकळते तीच. गाडी लागण्याची गोळी निघण्याआधी अर्धा-एक तास घ्यायची असते, ओकारी सुरू झाल्यावर तिचा उपयोग नाही. तिने झोप येते हेही सांगावे. उपाशीपोटी नेऊ नये आणि तर्रीपोहे खाऊनही नेऊ नये. साधे पोहे, केळी, फुटाणे, आईने केलेल्या दशम्या बऱ्या. फार ओकाऱ्या-जुलाब झाले तर ओआरएसचे मोठे पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण घालून थोडे थोडे पाजावे. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. दुकानातल्या गोड फळपेयाच्या डब्याने ते काम होत नाही.

आता गाडी आणि ड्रायव्हर. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याकडे जाणारी खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी होरपळून गेले. दाराच्या बाजूवरच बस पडली होती. काच फोडून जे बाहेर पडले ते वाचले. तेव्हापासून मी गाडी सुटण्याआधी दहा मिनिटे मागून घेते. ड्रायव्हरकाकांना विनंती करते की काका, संकटकाळी बाहेर पडायची खिडकी एकदा उघडून दाखवा. काच फोडायची हातोडी कुठे, आग विझवायचा सिलिंडर कुठे, हे मुलांनी डोळ्यांनी बघावे, हाताने धरून बघावे. कधी खिडकी गंजून बसलेली निघते, कधी तिच्यापुढे पाण्याचे कॅन रचलेले असतात. दुरुस्त होईपर्यंत गाडी हलू द्यायची नाही. गाडीच्या नंबरावरून फिटनेस आणि विम्याची मुदत एमपरिवहन अॅपवर कोणालाही बघता येते. बारावीची पोरे ते काम दोन मिनिटांत करतात.

ड्रायव्हरलाही शरीर आहे हे आपण विसरतो. पाच तास चालवल्यावर त्याला किमान अर्धा तास विश्रांती हवी. मुलींसाठी दर अडीच तासांनी थांबलो तर त्याचीही सोय होते. रात्री दोन ते पहाटे पाच ही झोपेची सगळ्यात जड वेळ, म्हणून शक्यतो रात्रीचा प्रवास टाळावा. मुक्कामाचे पैसे वाचतात म्हणून मंडळे रात्रीची गाडी काढतात, पण ही बचत मला पटत नाही. नाइलाजच असेल तर दोन ड्रायव्हर हवेत आणि सोबतच्यांपैकी एकाने पुढे बसून जागे राहायचे. गाडीतला डीजेही रात्री दहाला बंद. भीमगीते दिवसा म्हणा, टाळ्या वाजवून म्हणा. चाळीस आवाज असताना स्पीकर लागतोच कशाला?

झोप मोडल्याने आणखी एका मुलाला धोका असतो, फिटच्या मुलाला. त्याची गोळी वेळेवर गेली पाहिजे आणि त्याला पुरेशी झोप मिळाली पाहिजे. तरीही फिट आली तर गाडी थांबवून त्याला सीटवरून खाली, जागा करून कुशीवर वळवावे. डोक्याखाली काही मऊ ठेवावे, गळ्याचे बटण सैल करावे, घड्याळ बघावे. तोंडात चमचा घालायचा नाही, हात-पाय दाबून धरायचे नाहीत, चप्पल-कांदा हुंगवायचा नाही, पाणी पाजायचे नाही. बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत थांबते. पाच मिनिटे उलटली किंवा पाठोपाठ दुसरी आली तर १०८ ला फोन. जाग आल्यावर तो गोंधळलेला असतो, कपडे ओले झालेले असतात. त्या वेळी चाळीस जोडी डोळे त्याच्याकडे बघत नसतील एवढी काळजी घ्या. कोणी मोबाइल वर केला तर तो काढून घ्या.

लेण्यांजवळ पोहोचल्यावर सोबतीचे माणूस थकलेले असते आणि मुलांना पंख फुटतात. सोमवारी अजिंठा बंद, मंगळवारी वेरूळ बंद, हे धरून बेत करावा, नाहीतर एवढा प्रवास फुकट जातो. अजिंठ्याला आपली बस फर्दापूरच्या टी-पॉइंटवर थांबते आणि पुढचे चार किलोमीटर तिथल्या बसने जावे लागते. संडास आणि पाणी भरणे टी-पॉइंटवरच उरकून घ्यावे. वर पायऱ्या आहेत. सिकलसेलचे किंवा दम्याचे मूल असेल तर त्याच्यासोबत एका मोठ्याने हळूहळू, बसत बसत चालावे. सगळ्या लेण्या बघितल्याच पाहिजेत असे नाही. फारच दमले तर तिथे डोलीवाले मिळतात. डोंगराच्या कपारीत मधमाश्यांची पोळी असतात, तिथे दगड मारणे, धूर करणे, अंगावर भरपूर सेंट मारून जाणे नको. वेरूळला बारा बौद्ध लेण्या एका बाजूला सलग आहेत, दहाव्या विश्वकर्मा लेणीत मुले आपोआप गप्प होतात. तिथे पंधरा मिनिटे बसवले तर सगळ्यांच्या पायांना विसावा मिळतो आणि मोजणीही नीट होते.

मोजणीचे सांगायचे तर प्रत्येक मुलाला जोडीदार ठरवून द्यावा. "जोडीदार आहे का?" एवढे विचारले की चाळीस जणांचा हिशेब दोन मिनिटांत लागतो. मोठ्या माणसांचे प्रमाण म्हणाल तर पंधरा मुलांमागे एक असावा, आणि मुली असतील तर किमान दोन बाया. एकीला दवाखान्यात जावे लागले तर दुसरी गाडीत हवी. मुक्कामी मुलींच्या खोलीत ड्रायव्हर, क्लीनर, सर, कोणीही पुरुष एकटा जाणार नाही, हे पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर बोलावे. चांगल्या माणसाला त्याचा राग येत नाही. गर्दीत, गाडीत कोणी नको तसा हात लावला तर मुलगी आपल्याला येऊन सांगेल एवढा विश्वास आधी कमवावा लागतो, आणि तिने सांगितले तर "कोणाला बोलू नको" हे वाक्य आपल्या तोंडून निघता कामा नये. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक त्याच कागदावर, थांब्यांच्या वेळांखाली लिहून ठेवावा.

दहावी-बारावीची मुले काही बाळे नाहीत. त्यांना कामे द्यावीत. एक पाण्याचे कॅन बघेल, एक मोजणी करेल, एकीकडे औषधाच्या वेळांचा गजर. माझ्या एका सहलीत बारावीच्या एका मुलाने थांब्यांचा कागद आपल्या ताब्यात घेतला होता. ड्रायव्हर वेळ टाळू लागला की तो केबिनच्या दाराशी जाऊन उभा राहायचा. "काका, साडेबारा वाजले. पोरींचा थांबा आहे." त्याला हे कोणी शिकवले नव्हते. घरी तीन बहिणी होत्या, एवढेच.

परतताना गाडी बहुधा रात्री उशिरा वस्तीत शिरते. मुलांना नाक्यावर सोडून देऊ नये. ज्याच्या-त्याच्या घरच्या माणसाच्या हाती द्यावे आणि वहीत टिक करावी. आईला त्याच वेळी सांगून ठेवावे की पुढचे तीन-चार दिवस लघवीला जळजळ, ताप, अंगात कळा, सतत जुलाब यांपैकी काही दिसले तर घरगुती औषधात दिवस घालवू नका. सिकलसेलच्या मुलाला दुसऱ्या दिवशी शाळेत पाठवू नका, झोपू द्या, पाणी पाजत राहा. मी तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वही घेऊन पुन्हा एक फेरी मारते. निळी पिशवी, उरलेली ओआरएसची पाकिटे आणि थर्मामीटर विहारातल्या कपाटात ठेवते. पाकिटांवरची मुदत मात्र बघून घ्या, गेल्या खेपेला त्यातली चार जुनी निघाली होती.